करार करण्याआधी विचारा: वही कोणाकडे राहणार?

प्रश्न थोडक्यात असा. एका आदिवासी तालुक्यात बारा पाड्यांवर महिला गटांचे काम करणारी छोटी संस्था आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाने (सगळे अजून पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, असेच म्हणतात) तीन वर्षांच्या भागीदारीचा प्रस्ताव पाठवला आहे. विषय सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक रक्तविकार) आणि बायकांमधला रक्तक्षय, एकूण निधी ३० लाख रुपये. प्रस्तावात ‘समुदायाची क्षमताबांधणी’ हे शब्द जागोजागी आहेत, पण म्हणजे नेमके काय ते कुठेच लिहिलेले नाही. सही करावी का, कोणत्या अटींवर, आणि अशा कामात बिघडते कुठे?

सही करायला हरकत नाही, पण आत्ताच्या मसुद्यावर नको. अशा प्रस्तावांत क्षमताबांधणी म्हणजे बहुधा दहा दिवसांचा वर्ग, बॅनर आणि प्रमाणपत्र. तीन वर्षांनी महाविद्यालयाच्या हाती शोधनिबंध आणि एमडीचे प्रबंध येतात, आणि पाड्यावर पट्ट्या संपलेले हिमोग्लोबिनचे यंत्र उरते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. विद्यापीठात बढती निबंधांवर मिळते आणि प्रबंध ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो, त्यामुळे काम आपोआप त्या बाजूला कलते. ते दुसऱ्या बाजूला कलावे असे वाटत असेल तर करारात तशी योजना करावी लागते. काम संपल्यावर गावाला असे काय करता येईल जे आज येत नाही, आणि महाविद्यालयाला असे काय करता येईल जे आज येत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. दुसरे उत्तर तर जरूर मागा, कारण ते कोणी स्वतःहून देत नाही.

विषय कोणी ठरवला?

सिकलसेल हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले. आदिवासी भागांतल्या ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य ठरवले गेले. म्हणजे या विषयाला सध्या निधी आहे. प्रस्ताव त्यामुळे आला, की तुमच्या पाड्यांवर कोणी तसे म्हटले होते म्हणून आला, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली सर्च संस्था सुरू केली. १९८९ मध्ये त्यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. त्या काळी ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारी खाते आणि विद्यापीठे दोघेही मोजत. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे बायका एकमेकींत बोलत होत्या, पण एकाही रकान्यात ते नव्हते. सर्चच्या दवाखान्याचेही तसेच. मोठ्या इमारतीला लोक बिचकतात हे कळल्यावर तो गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

म्हणून पहिले तीन महिने प्रश्नावली नाही, रक्त नाही, फक्त बैठका, अशी अट घाला. बैठक पाड्यावर घ्या, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नको. बायका, पुरुष आणि तरुण यांच्या वेगळ्या बैठका घ्या, प्रत्येकीत २० ते २५ जण. आधी मोकळ्या गप्पांतून त्रासांची यादी काढायची, प्रत्येकाचे चित्र कागदावर काढून जमिनीवर मांडायचे, मग प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके द्यायचे. ज्याला जो त्रास मोठा वाटतो त्यावर हवे तेवढे टाकायचे. लिहिता-वाचता येणे न येणे इथे आड येत नाही. चिंचोके सगळ्यांसमोर टाकले तर सरपंचाच्या बायकोने कुठे टाकले ते पाहून बाकीच्या टाकतात, म्हणून कागदांवर टोपल्या पालथ्या घाला आणि एकेकीला जाऊ द्या.

वेळही महत्त्वाची. जुलैत लावणी, मार्च-एप्रिलमध्ये मोह, त्यानंतर तेंदूपत्ता. आणि दिवाळीनंतर वीटभट्टी नाहीतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे होळीपर्यंत, काही तर थेट पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाचे पथक मात्र हमखास जानेवारी-फेब्रुवारीत येते, कारण तेव्हा रस्ते चांगले असतात आणि परीक्षा नसतात. म्हणजे ज्यांची तब्येत सर्वांत वाईट तेच नेमके मोजणीत नसतात. एक फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या, असे करारातच लिहा.

चिंचोक्यांत सिकलसेल पाचव्या क्रमांकावर आला तर? तर प्रकल्प मोडू नका. पहिल्या क्रमांकाच्या त्रासासाठी निधीतला काही भाग आणि विभागातल्या एका माणसाचा वेळ मागा. पावसात दवाखान्यापर्यंत पोहोचता येत नाही हा त्रास वर आला, आणि तो बहुधा येतो, तर तो सिकलसेलचाही प्रश्न आहेच. अंगदुखीच्या तीव्र झटक्यात रुग्णाला त्याच वाटेने न्यावे लागते.

सरासरीत पाडा बुडतो

आरोग्यातली समता म्हणजे टाळता येण्याजोगा फरक कमी करणे. तो दिसायला हवा असेल तर गावाचा एकच आकडा चालणार नाही. एक हिशेब करून पाहा. गावात वर्षाला ६० बाळंतपणे, त्यांतली ५१ दवाखान्यात. म्हणजे ८५ टक्के, अहवालात छान दिसते. आता पाड्यानुसार मांडा. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर ९ बाळंतपणे, दवाखान्यात फक्त ३. बाकी गावात ५१ पैकी ४८. एकीकडे ९४ टक्के, दुसरीकडे ३३. गावाचा आकडा ८५ वरून ९० झाला तरी ओढ्यापलीकडे काही बदलले नसेल, हे शक्य आहे.

म्हणून प्रत्येक माहितीला तीन रकाने जोडा: पाडा, कुटुंब वर्षातले किती महिने बाहेर असते, आणि उपकेंद्रापर्यंत पावसाळ्यात पायी किती मिनिटे लागतात. किलोमीटर लिहू नका. नकाशावरचे तीन किलोमीटर ऑगस्टमध्ये दोन तासांचे असतात. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, मैदानी भागात ५,००० आणि ३०,०००. कागदावर निकष पुरा असतो, वाटेत ओढा असतो.

लहान आकड्यांचे एक पथ्य आहे. पाड्यावर सिकलसेलचे दोन रुग्ण असतील तर ‘दोन’ हा आकडा भिंतीवर लावणे म्हणजे नावे लावणे. पाचपेक्षा कमी संख्या जाहीर मांडायची नाही, तीन वर्षांची बेरीज करायची किंवा शेजारचे दोन पाडे एकत्र धरायचे.

करारात काय असावे

सामंजस्य करार मराठीत, चार पानांच्या आत, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलेला हवा. विद्यापीठाचा कायदा विभाग इंग्रजी मसुदाच प्रमाण धरेल. धरू द्या, पण ‘दोन्ही भाषांतील मजकुरात फरक आढळल्यास दोन्ही पक्ष एकत्र बसून ठरवतील’ हे वाक्य घाला.

गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असेल तर एक सोय आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. ठराव त्या ग्रामसभेत घ्या. ठराव हा मात्र माणसाच्या संमतीला पर्याय नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे: समुदायाची परवानगी घेतली तरी प्रत्येकाची वेगळी संमती लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत निःपक्ष, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार हवा, आणि तो प्रकल्पाचा पगारी माणूस नसावा. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. संमतीपत्र मराठीत असले म्हणजे झाले असे नाही. भिली, पावरी, कोरकू, माडिया, जी घरात बोलली जाते तिच्यात ते तोंडी समजावून सांगायचे, आणि तो तोंडी मजकूरही आधी ठरवून घ्यायचा. नाहीतर ‘रक्त तपासायचं आहे, द्या बोट’ एवढीच संमती होते.

नैतिकता समितीचा अर्ज महाविद्यालय करते आणि तुम्हाला तो दिसतही नाही. त्याची प्रत मागा. समितीत एक सामान्य नागरिक सदस्य आणि एक समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम व्यक्ती असतेच, त्यांच्यासमोर तुमचा प्रतिनिधी बोलेल अशी विनंती करा. मंजुरीला दोन-तीन महिने लागतात आणि नंतर प्रश्नावलीतला प्रत्येक बदल पुन्हा समितीकडे जातो. लोकांशी बोलून प्रश्नावली बदलायची असेल तर ते अर्ज करण्याआधी करा. नंतर ‘आता मंजूर झालंय, बदलता येणार नाही’ हे उत्तर येते, आणि ते खरे असते.

आता वही. घरोघरची नोंदवही, म्हणजे नाव, पाडा, हिमोग्लोबिन, सिकलसेलचा निकाल, पुढची भेट, हिची मूळ प्रत कुठे राहणार? महाविद्यालयाच्या संगणकात गेली की ती ‘डेटा’ होते आणि मग परत मागायला अर्ज करावा लागतो. करारात असे लिहा: मूळ वही तुमच्या संस्थेच्या कुलुपबंद कपाटात राहील, विभागाला नावे काढून सांकेतिक क्रमांकासह प्रत मिळेल, क्रमांक आणि नावे जोडणारी यादी एकाच माणसाकडे असेल, आणि माहितीचा दुसऱ्या कोणत्याही अभ्यासासाठी वापर करायचा तर तुमच्या सल्लागार गटाची (त्याविषयी पुढे) लेखी परवानगी आणि नैतिकता समितीची नवी मंजुरी, दोन्ही लागतील. यात तुमच्यावरही जबाबदारी येते. कपाटाला खरेच कुलूप लागते. गटाच्या व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो टाकणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

रक्ताचे उरलेले नमुने तर वहीपेक्षा नाजूक. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिले. तेच नमुने पुढे मानसिक आजार, नात्यातली लग्ने आणि जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेले. जमातीच्या श्रद्धेनुसार त्यांचे मूळ ते राहतात त्या दरीतच आहे. निबंधाने सांगितले की ते बाहेरून आले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. मधुमेहाची मदत मागायला गेलेली जमात विद्यापीठापासून बिचकली, हे नुकसान त्या रकमेत धरलेले नाही. तुमच्या करारात एवढे पुरे: तपासणी पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत, म्हणजे सहा महिन्यांत, नमुने नष्ट करायचे आणि त्याचे पत्र द्यायचे, ठेवायचे असतील तर त्याची वेगळी संमती घ्यायची.

३० लाखांचा हिशेब

अंदाजपत्रक दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. दाखवले तर त्यात तुमच्या बाजूला काय आहे ते मोजा. नेहमीच्या मांडणीत ते दहा-पंधरा टक्के निघते आणि त्यातला निम्मा पैसा ‘शिबिर खर्च’ असतो. पुढची मांडणी नमुना म्हणून घ्या. रक्कम बदलता येईल, प्रमाण धरून ठेवा.

दोन स्थानिक समन्वयक, दरमहा १४,००० प्रमाणे ३६ महिने: १०,०८,०००. दहा आरोग्य मैत्रिणी (या कामासाठी शिकवलेल्या पाड्यांवरच्याच बायका), महिन्यातले चार-पाच दिवस काम, दरमहा १,५०० प्रमाणे: ५,४०,०००. बैठका आणि प्रवास दरमहा ६,०००: २,१६,०००. प्रशिक्षणाचे १८ दिवस, बारा जणी, बुडालेल्या मजुरीपोटी आणि जेवणासाठी माणशी ५००: १,०८,०००. इथपर्यंत १८,७२,००० होतात आणि हे सगळे पाड्यांच्या बाजूचे, ६२ टक्क्यांच्या वर. यंत्रे आणि तपासण्या ३,००,०००. महाविद्यालयाचे संशोधन सहायक, प्रवास, विश्लेषण ५,००,०००. संस्था शुल्क ५ टक्के म्हणजे १,५०,०००. उरलेले १,७८,००० निकाल लोकांना परत सांगणे आणि अडीअडचण यांसाठी. बेरीज बरोबर ३० लाख.

‘स्वयंसेवक’ हा शब्द कुठे दिसला तर तो खोडा. प्राध्यापकाला पगार, सहायकाला मानधन आणि पाड्यावरच्या बाईला समाजसेवा, ही समतेच्या प्रकल्पातली विषमता आहे. आशाताईंवर हे काम फुकटात टाकायचे नाही. त्यांच्या वह्या आधीच ओथंबल्या आहेत आणि त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो, त्यामुळे तुमच्या बैठकीत घालवलेला दिवस त्यांच्या खिशातून जातो.

पैसा कसा पोहोचतो यात सगळ्यात जास्त गाडी अडकते. विद्यापीठाची पद्धत ‘आधी खर्च करा, बिले द्या, मग परतावा’ अशी. छोट्या संस्थेकडे चार महिने पगार उचलून धरायला पैसा नसतो, समन्वयक बाई तिसऱ्या महिन्यात सोडून जाते आणि अहवालात ‘समुदायाचा प्रतिसाद अपुरा’ असे लिहिले जाते. तीन महिन्यांचा आगाऊ हप्ता आणि मागच्या हप्त्याचा ७५ टक्के हिशेब आला की पुढचा, अशी रचना मागा. तुमच्या बाजूने नोंदणी, पॅन, स्वतंत्र बँक खाते आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण तयार ठेवा.

निधी परदेशी असेल तर एक गोष्ट आधीच विचारा. परकीय योगदान कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. प्रस्तावात ‘सहयोगी संस्थेला अनुदान’ असे मोठ्या मनाने लिहिलेले असते आणि पहिल्या वर्षी लेखा विभाग ते थांबवतो. मग महाविद्यालयाने माणसांना थेट मानधन देणे हा मार्ग उरतो. चालतो, पण नेमणूक आणि रजा तुमच्या हातून जाते, म्हणून निवड समितीत तुमचे दोन सदस्य असतील एवढे तरी लिहून घ्या.

लोकांनीही काही घालावे का? घातले तर नाते बदलते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला, सुगीच्या वेळी आणि ऐपतीप्रमाणे. ज्याने पायलीभर ज्वारी घातली तो दवाखान्यात उभा राहून ‘डॉक्टर का नाहीत’ असे विचारू शकतो. तुमच्या प्रकल्पात तपासणीला पैसे घेऊ नका, पण बैठकीची जागा, चहा, अवजड सामान वाहून नेणे हे पाड्याचे असू द्या आणि त्याचीही नोंद हिशेबात ठेवा.

तपासणीआधी उपचाराची साखळी

सिकलसेलमध्ये घाई सर्वांत महाग पडते. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे आणि थोड्या सरावाने आरोग्य मैत्रिणीलाही जमते, पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढे सांगते. माणूस वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) आहे की रुग्ण, ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात, नुकतेच रक्त चढवलेल्या माणसात आणि तीव्र रक्तक्षयात सोल्युबिलिटी चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणजे पहिली चाचणी सकारात्मक आली की दुसऱ्या निकालापर्यंत घरात टांगती तलवार. करारात मुदत घाला: पक्का निकाल जास्तीत जास्त १५ दिवसांत, बंद पाकिटात, घरी जाऊन, समजावून.

आणि पुढे? रुग्ण निघाला तर फॉलिक ॲसिड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्युमोकोकल लस हे कुठून, किती नियमित मिळणार ते आधी जिल्हा रुग्णालयाशी लेखी ठरवा. तपासणीचे पाकीट हातात आणि औषध दोनशे किलोमीटरवर, अशी अवस्था असेल तर सध्या तपासणी करू नका. सिकलसेल असलेल्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार मिळतो. प्रमाणपत्राचा अर्ज कसा भरायचा हे आरोग्य मैत्रिणींच्या प्रशिक्षणात पहिल्या तिमाहीतच घाला, कारण लोकांना त्याचा उपयोग लगेच दिसतो.

समुपदेशनात गणित चुकते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५०, काहीच नाही २५. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द गाळले की लोक समजतात, पहिले रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली. चार चिंचोके, त्यांतला एक वेगळ्या रंगाचा, पिशवीत हात घालून एक काढायला आणि परत टाकून पुन्हा पुन्हा काढायला लावा. फळ्यावरच्या तक्त्यापेक्षा हे पटकन कळते. आणि कार्ड हातात देताना लक्षात ठेवा की रंगावरून निकाल कळणारे कार्ड लग्नाच्या बैठकीत पोहोचते आणि वाहक मुलगी अडते, मुलगा नाही. वाहक हा आजारी नसतो, हे आधी सासवांना सांगा, मग शाळेत.

हिमोग्लोबिनचे सोपे वाटते पण आकडे तिथेच जास्त बिघडतात. बोट थंड असले, नीट टोचले नाही आणि मग पिळले, तर पेशींभोवतालचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा खाली येतो. बोट कोमट करा, बाजूला टोचा, पहिला थेंब पुसा, पिळू नका. रोज सकाळी नियंत्रण द्रावणाने (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो) यंत्र तपासा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. गरोदर बाई ७ ग्रॅमच्या खाली असेल तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे गोळ्या देऊन परत पाठवायचे नाही, त्याच दिवशी पुढे न्यायचे. गाडीचा खर्च त्या अडीअडचणीच्या रकमेत धरा. यंत्र घेताना तीन वर्षांच्या पट्ट्यांचा खर्च आधी काढा. यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्ट्या जन्मभर.

प्रशिक्षण दहा दिवस सलग घेऊ नका. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा एकत्र बोलावून, गावात आलेल्या अडचणींवरून शिकवत. तुम्ही महिन्यातून एक दिवस, सकाळी मागच्या महिन्यातल्या घटना, दुपारी एकच नवे कौशल्य, एका प्रशिक्षकामागे सहा-आठ जणी, असे धरा. कौशल्य हाताने करून दाखवल्याशिवाय पास नाही. दीड वर्षात अठरा दिवस होतात आणि गळती कमी राहते.

महाविद्यालयाने काय शिकायचे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे दिली जातात. पाच धरली तर दीडशेच्या तुकडीची ७५० कुटुंबे. दरवर्षी नवी तुकडी, नवी घरे, तेच प्रश्न, तोच रक्तदाब. तिसऱ्या वर्षी लोक दार लावून घेतात. उपाय अवघड नाही: घर बदलायचे नाही, विद्यार्थी बदलायचा. प्रत्येक घराची एकच फाइल, ती आधीच्या विद्यार्थ्याने नव्याला त्या घरात बसून सोपवायची. पाच वर्षांची सलग नोंद तयार होते, जी विभागालाही कुठे मिळत नाही.

वर्गात शिकवायला तुमच्या दोन आरोग्य मैत्रिणींना सत्रात किमान दोनदा बोलवावे, आणि पाहुण्या व्याख्यात्याला जो दर तोच त्यांना द्यावा. विद्यार्थ्यांनी पाड्यावर किमान दोन रात्री राहावे. दिवसा आलेल्याला ओढा दिसतो, रात्री गरोदर बाईला ओढ्यापलीकडे न्यायचे म्हणजे काय ते दिसत नाही. सरकारी महाविद्यालयात बदल्या होतात, आणि भागीदारी एकाच प्राध्यापकाच्या खांद्यावर असेल तर बदलीच्या आदेशाबरोबर ती संपते. करार विभागाशी करा, दोन माणसांची नावे घाला, आणि अधिष्ठात्यांची सही घ्या.

सल्लागार गट असतोच, पण तो बहुधा सरपंच, शिक्षक, दुकानदार आणि तुमचे अध्यक्ष यांचा होतो. नऊ सदस्य धरा. निम्म्याहून जास्त बायका, सर्वांत लांबच्या पाड्याचे दोन, एक सिकलसेलचा रुग्ण किंवा त्याची आई. दर दोन महिन्यांनी बैठक, आणि त्या गटाला दोन अधिकार: प्रश्नावली थांबवणे आणि एखादे प्रकाशन ६० दिवस रोखून हरकत नोंदवणे. निबंध दाबण्याचा अधिकार मागू नका, तो मिळणारही नाही आणि मिळू नये. न आवडलेला खरा निष्कर्षही बाहेर आला पाहिजे.

एक बिघाड तुमच्याच घरात होतो. प्रकल्पाची भाषा येणारा तुमचा एक कार्यकर्ता हळूहळू मध्यस्थ बनतो. प्राध्यापकांचा फोन त्यालाच, गाडी त्याच्याच दारात, निवड त्याच्याच भावकीची. दर सहा महिन्यांनी महाविद्यालयाशी बोलणारा माणूस बदला आणि दरमहा हिशेबाचा कागद बैठकीच्या भिंतीवर लावा.

निकाल परत, आणि निघायची तारीख

पाड्यांचे निकाल तीन महिन्यांत ग्रामसभेत यायला हवेत, निबंध छापायच्या आधी. स्लाइड नकोत. महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेख प्रक्रियेने गावपातळीचे लाल-पिवळे-हिरवे गुणपत्रक आणि जनसुनवाई या दोन गोष्टी रुळवल्या. आरोग्य सेवेचे आठ-दहा मुद्दे, प्रत्येकाला लोकांनी दिलेला रंग, आणि त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने सर्वांसमोर दिलेले उत्तर. तुमच्या वहीतले पाड्यानुसार आकडे या गुणपत्रकाला जोडा. मग ते सिद्ध करायला प्राध्यापक लागत नाहीत. गाव आरोग्य समितीच्या ठरावात हे आकडे आले की तिच्या निर्बंधमुक्त निधीतून काय घ्यायचे याची चर्चा आपसूक ‘रंगरंगोटी की ओढ्यावरची डोली’ अशी होते.

निघायची तयारी २४ व्या महिन्यात सुरू करा. तेव्हापासून बैठक तुमच्या मैत्रिणींनी चालवायची, विभागाने मागे बसायचे. ३० व्या महिन्यात एक तिमाही विभागाशिवाय चालवून पाहा आणि काय अडले ते लिहा. त्याची दुरुस्ती करायला अजून तीन-चार महिने हातात असतात. पट्ट्यांचा पुढचा खर्च कोण देणार, पक्क्या तपासणीचे नमुने कोणत्या गाडीने कुठे जाणार, कपाटाची किल्ली कोणाकडे, हे त्या तिमाहीतच कळते.

महाविद्यालयाला उत्तर लिहाल तेव्हा चार कागद मागा: पूर्ण अंदाजपत्रक, नैतिकता समितीच्या अर्जाचा मसुदा, मराठी संमतीपत्र, आणि निधी कोणत्या स्रोतातून येतो त्याचे पत्र. आणि पहिल्या भेटीची तारीख तुम्ही ठरवा, पाड्यावरची, संध्याकाळी सातनंतरची.